सरांच्या रिकाम्या ओळी

सरांच्या शोकसभेच्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं पाहिलं आणि माझं डोकं तिथंच फिरलं. कॉलेजच्या फाटकाला बांधलेला एवढा मोठा फ्लेक्स. वर सरांचा फोटो, फोटोत सर नेहमीसारखे कोणावर तरी चिडलेले, आणि खाली हात जोडून उभे असलेले पाच-सहा चेहरे. ज्यांनी या माणसाला जन्मभर ‘डॉ.’ लावू दिलं नाही, त्यांनीच तो गेल्यावर फुकटात लावून दिलं. संतापाच्या भरात मी गाडी नीट स्टँडवर लावली नाही. ती आडवी पडली, आरसा फुटला. त्याचाही राग मी फ्लेक्सवरच काढला.

आता कॉलेजची स्मरणिका निघतेय. मला निरोप आलाय की तुम्ही सरांच्या लाडक्या विद्यार्थिनी, त्यांच्यावर काहीतरी हृद्य लिहून द्या. लाडकी म्हणे! सरांनी माझं कौतुक केल्याचा एकही साक्षीदार या तालुक्यात सापडणार नाही. आणि हृद्य मला लिहिता येत नाही. मी चिडलेली आहे, आणि कोणाकोणावर चिडलेली आहे ते सगळं इथं सांगणार आहे. त्यात सरही आले. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या.

सर आमच्या कॉलेजात जुनी मराठी शिकवायचे. जुनी म्हणजे पोथ्यांमधली, शेकडो वर्षांपूर्वीची. तुमसरकडून धानाच्या गिरण्यांचा कोंडा अंगावर घेत त्यांची लुना यायची. वर्गात शिरायचे तेव्हा भुवयांवरही कोंडा असायचा, आणि तो न झटकताच ते सुरू करायचे. त्यांचा जीव एकाच प्रश्नात अडकला होता. पोथीतली गोष्ट नेमकं कोण सांगतं? महाराज बोलले ते शिष्यानं ऐकलं, शिष्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं लिहून काढलं, तिसऱ्यानं नक्कल केली. मग आपण वाचतो तो आवाज कोणाचा?

हे समजावायची त्यांची एक पद्धत होती. महाराजांचं बोलणं आलं की ते खुर्चीवर बसून वाचायचे. शिष्य बोलायला लागला की खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर. नक्कल करणारा मधेच आपलं शहाणपण घुसडायला लागला की उठून दारात, चौकटीला टेकून. एका पानात चार-चार वेळा ऊठबस. पोरं हसून हसून लोळायची. सरांच्या पँटचा मागचा भाग कायम पांढरा असायचा. परीक्षेत मात्र त्या पोथीवरचा प्रश्न कोणाचा चुकल्याचं मला आठवत नाही.

वर्गाबाहेरही तोच छळ. चहाच्या टपरीवर कोणी म्हणालं, “रात्री नाल्याकडे वाघ आल्ता म्हणे,” की सर लगेच वळायचे. “कोण म्हणे?”

“लोक म्हणून राहिले, सर.”

“कोणते लोक? नाव सांग. त्यानं पायला का त्याच्या साळ्यानं?”

माणूस वाघ सोडून पळायचा. पेपरात ‘सूत्रांनी सांगितले’ असं आलं की सर पेपरच मिटून ठेवायचे. आधी आम्हाला याची गंमत वाटायची. रोज अशा माणसाशी बोलावं लागलं की गंमत राहत नाही.

पण सरांचा खरा शोध सांगणाऱ्याबद्दल नव्हता, ऐकणाऱ्याबद्दल होता. आमच्याकडे गावात कोणी गोष्ट सांगायला बसलं की समोर एकानं हुंकार द्यावा लागतो. सांगणारा दोन वाक्यं सांगतो, थांबतो, समोरचा ‘हूं’ म्हणतो, मग गोष्ट पुढं सरकते. हूं आला नाही तर सांगणारा सुपारी कातरत बसतो. सरांचं म्हणणं असं, की जुन्या पोथ्या अशाच सांगितल्या गेल्या, लिहिणाऱ्यानं सांगणं लिहून घेतलं आणि हूं गाळून टाकलं. पण त्याची जागा राहिली. वाक्य जिथं उगाच थांबतं, तीच गोष्ट जिथं पुन्हा एकदा जरा ठासून येते, तिथं समोर कोणीतरी बसलेलं होतं. निवेदकाचा आवाज घडवला तो त्या गाळलेल्या माणसानं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तू वो, खिडकीपासची. आजपासून तू हूं म्हनशीन. झोप आली तरी म्हनशीन.”

मी घरी सांगितलं. माझे बाबा वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात, पाळी संपवून नुकतेच आलेले. ते म्हणाले, “म्हणजे कॉलेजात हूं म्हणायची फी भरून राहिलो काय मी?”

मी ते तसंच वर्गात सांगितलं. सर न हसता म्हणाले, “हो. अन् कमीच भरून राहिला तुहा बाप.”

एकदा मात्र मी हूं म्हणायचं नाकारलं. माझ्या घरी आजोबांच्या काळापासून बुद्धवंदना. पोथीशी आमचा संबंध एवढाच, की ती वाचली जायची तेव्हा आम्हाला ओट्यावर चढता येत नव्हतं. मी उभी राहून विचारलं, “सर, तुमच्या या ऐकणाऱ्यांत आमचे लोक कुठं होते?”

सर त्या दिवशी फरशीवर बसलेले होते. ते उठले, वर्गाबाहेर गेले, व्हरांड्याच्याही खाली उतरून उन्हात उभे राहिले आणि तिथून ओरडले, “इथं! इथून आयकत होते. सांगणाऱ्याले हे माहीत होतं. म्हणून तो आवाज वाढवते, एकच गोष्ट दोनदा सांगते. तो वाढलेला आवाज पोथीत हाय. तुमचं नाव नाही, हूं नाही, पण जागा हाय.”

“म्हणजे आम्ही नुसते हूं म्हणायलेच होतो का?” मीही ओरडले.

“त्याचाच तर राग येते! तुलेच नाही, मलेही येते. राग आला तं त्यावर काम कर, इथं बोंबलून काय होते?”

बाजूच्या वर्गातले लोक खिडकीशी जमा झाले. सर तसेच घामाघूम परत आले आणि पुढचं पान वाचायला लागले. मी हूं म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. पुढं एम.ए. केलं तेही जुन्या मराठीतच, आणि याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले.

त्या दिवसांत सर प्रबंध लिहीत होते. त्यासाठी ते गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या गावांच्या नव्या वसाहतींमधून लुना फिरवायचे. एका वसाहतीत त्यांना एक म्हातारा सापडला. सात राण्यांची गोष्ट तो आठवडाभर पुरवायचा म्हणे. (सर असते तर विचारलं असतं, कोण म्हणे. त्याची सूनच म्हणाली.) पण म्हातारा तोंड उघडेना. सरांनी कारण विचारलं तर म्हणाला, “माहा हूं म्हणणारा तिकडच्या वसाहतीत गेला. त्याले तिकडं प्लॉट देला. मंग सांगू कोणाले, या नळाले?”

मी सोबत होते. म्हटलं, मी हूं म्हणते. म्हाताऱ्यानं मला नीट पाहिलं आणि मान हलवली. “तू चांगली हायेस बाई. पण तुले गोष्ट नवीन हाय. तुहा हूं उशिरा येईन.”

सरांनी मला तिथंच बसवलं आणि लुना घेऊन निघाले. दुपार टळल्यावर परत आले ते मागच्या सीटवर दुसरा म्हातारा घेऊन. दोघं एकमेकांकडे न पाहता समोरासमोर बसले. पहिल्यानं सांगायला सुरुवात केली, दुसरा डोळे मिटून हूं म्हणत राहिला. गोष्टीत राजा शिकारीला जाता जाता त्यांच्या बुडालेल्या गावातला तलाव आला, आंब्याची झाडं आली, कोणाची तरी विहीर आली. राजा तिथंच रेंगाळायला लागला. शिकार राहिली बाजूला. सर माझ्याकडे पाठ करून रडत होते. आवाज काढून, नाक शिंकरत. मग मला म्हणाले, “लिहून काय घेतेस? थांबतात कुठं ते पाय फक्त.”

त्या दिवसानंतर त्यांनी प्रबंधात रिकाम्या ओळी सोडायला सुरुवात केली. पोथीतला उतारा द्यायचा आणि जिथं ऐकणाऱ्याचा हूं पडला असेल असं पुराव्यानं वाटतं, तिथं एक ओळ कोरी सोडायची. काही लिहायचं नाही. टंकलेखन करणारा पोरगा वैतागला. त्याला वाटायचं आपल्या हातून बटण दाबलं जातं, तो त्या ओळी काढून टाकायचा आणि सर पुन्हा घालायला लावायचे.

नागपूरला मौखिक परीक्षा होती. सरांच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते. आम्ही वरठीहून गाडी पकडली. सरांनी इस्त्रीचा नवा शर्ट घातला होता आणि त्याची किमतीची चिठ्ठी कॉलरला तशीच होती, ती मी गाडीत काढली. मार्गदर्शक होते आमचेच विभागप्रमुख. सरांपेक्षा वयानं लहान, पदवीनं मोठे.

बाहेरून आलेले परीक्षक वाईट नव्हते. प्रबंध त्यांनी वाचला होता, हेच खूप झालं. ते म्हणाले, “काम उत्तम आहे. पण या कोऱ्या ओळी जागोजाग दिसतात. टंकनदोष आहे का?”

सर म्हणाले, “नाही साहेब. तिथं ऐकणारा आहे.”

“पण तिथं काही लिहिलेलं नाही.”

“नाहीच लिहिलेलं. तेच सांगून राहिलो.”

विभागप्रमुखांचे कान लाल झाले. परीक्षक समजुतीनं म्हणाले की हा विचार प्रस्तावनेत एका परिच्छेदात मांडा, ओळी काढून टाका, आणि पदवी घ्या. सरांनी प्रबंध उघडला आणि त्यातला एक उतारा वाचायला लागले. महाराज आले तेव्हा खुर्चीवर, शिष्य आला तेव्हा विद्यापीठाच्या फरशीवर. कोरी ओळ आली तिथं थांबले. समोरच्या एकेकाकडे पाहू लागले. कोणी खोकललं, कोणी पेन फिरवलं. सर थांबूनच. पुढं वाचेनात.

मी मागच्या रांगेतून म्हटलं, “हूं.”

सर पुढचं वाक्य वाचायला लागले. सभागृह खो खो हसलं. विभागप्रमुखांनी मागं वळून माझ्याकडे जे पाहिलं, त्याचा अर्थ मला पुढच्या सत्रात कळला. वेळापत्रकात माझं नावच नव्हतं. “विद्यार्थिसंख्या कमी झाली, मॅडम,” ते म्हणाले. विद्यार्थी तेवढेच होते.

मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मोठेपणानं सांगता येत नाही. वाईट वाटलं, राग आला, आणि मी तो घेऊन सरांच्या घरी गेले. प्रबंध ‘दुरुस्तीसाठी’ परत आलेला होता, टेबलावर पडला होता.

“सर, ओळी काढून टाका नं. पदवी घ्या, मंग पुस्तक काढताना पुन्हा टाका. कोण अडवते?”

“नाही.”

“काहून नाही? माहे तास गेले तुमच्या पायी!”

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “तुलेच काढू काय? त्या ओळीत तू हायेस. मले तं त्या उन्हात उभं केलं होतं तू.”

मी पाय आपटत निघाले. काकू, म्हणजे सरांची बायको, दारात पोह्याची ताटली घेऊन उभ्या होत्या. “खाऊन जा वो,” म्हणाल्या. मी तेही खाल्लं नाही. त्यानंतर प्रबंध त्या टेबलावरच राहिला. सर निवृत्त झाले. दरवर्षी आज ना उद्या सर मान्य करतील असं वाटायचं, दरवर्षी भांडण व्हायचं. त्या कागदांचा कोणालाच उपयोग झाला नाही, त्यांनाही नाही. एवढा हट्ट करायचा अधिकार त्यांना कोणी दिला होता?

तर शोकसभा. व्यासपीठावर विभागप्रमुख, पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या मागं मी. विभागप्रमुख रुमालानं डोळे टिपत बोलत होते. “सर मला नेहमी म्हणायचे, बाळ, माझं अपुरं काम तूच पूर्ण करशील.” बाळ! सरांनी आयुष्यात कोणाला बाळ म्हटलं नव्हतं. ते याला ‘अबे’ म्हणायचे, तोंडावर. पण सभागृह माना हलवत होतं.

“म्हणून आम्ही ठरवलंय,” ते पुढं म्हणाले, “की सरांचा प्रबंध कॉलेज पुस्तकरूपानं काढणार. संपादन मी स्वतः करतोय. काही तांत्रिक दोष आहेत, मधेमधे जागा सुटल्यात, ते काढून सुटसुटीत करू. वहिनींची संमती आहेच. आणि सरांच्या लाडक्या विद्यार्थिनीही इथं आहेत. हेच सरांना आवडलं असतं. बरोबर आहे ना, मॅडम?”

ते थांबले. सगळे माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांची सवय, हूं अगदी ओठाशी आला होता. मी दात आवळून तोंड बंद ठेवलं. त्यांच्याकडे पाहत राहिले फक्त.

“बरोबर आहे ना?” त्यांनी पुन्हा विचारलं.

मी पाहत राहिले. पंखा कुरकुरत होता. त्यांनी कागद वर-खाली केला, ‘हेच सरांना आवडलं असतं’ हे वाक्य पुन्हा म्हटलं, मग थांबले. माना हलायच्या बंद झाल्या होत्या. तेवढ्यात काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “म्या कधी हो म्हटलं, बाप्पा?”

माईकवर काहीतरी खरखरलं. कोणीतरी घाईनं दोन मिनिटं मौन जाहीर केलं आणि सभा संपली.

मी काकूंना गाडीवर घेऊन घरी आले. टेबलावर प्रबंध तसाच होता. मी अजून पेटलेलीच होते. म्हटलं, “काकू, हे कोणालेच देऊ नका. ओळीसकट कोणी छापणारा भेटेपर्यंत देऊ नका. बसा, मी तुम्हाले वाचून दाखवते, काय लिहिलं होतं सरांनी ते. ऐकणाऱ्यावर एवढं काम कोणीच केलं नाही.”

“देत नाही कोणाले,” काकू म्हणाल्या. “पण वाचू नको. ठेव ते.”

मी कागद खाली ठेवले.

“या घरात आजवर मीच आयकत आली. ते वाचत, मी आयकत. म्या काही सांगितलं का मंग ‘कोण म्हणे’. शेजारीण आजारी हाय म्हटलं, कोण म्हणे. माह्या भावाचं लग्न जमलं म्हटलं, तरी कोण म्हणे. जलमात एकदा मले हूं म्हटलं नाही त्यायनं.”

विभागप्रमुखांवरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला, कारण त्याहून मोठा राग समोर आला होता. व्हरांड्याखाली उन्हात उभे राहिलेले सर मला दिसत होते. शेकडो वर्षांपूर्वीच्या, नाव नसलेल्या माणसाचा हूं ओळखणारे सर. दुसऱ्या वसाहतीतून म्हातारा आणणारे. आणि स्वयंपाकघराच्या दारात पोह्याची ताटली घेऊन उभी असलेली ही बाई त्यांना ऐकू आली नाही? असा कसा हो माणूस! मेला म्हणून काय सोडायचं त्याला?

“ते गेले त्या दिवशी सकाळी,” काकू म्हणाल्या, “म्या म्हटलं, तुमचा चेहरा बराबर दिसत नाही. दवाखान्यात चला. तं काय म्हणावं? कोणाले दिसून राहिलं? म्या म्हटलं, मले. मले दिसून राहिलं, आणखी कोणाले पायजे? तं पुन्हा पुस्तकात घातलं तोंड.”

काकू थांबल्या. पदर तोंडाला लावला नाही, रडल्या नाहीत. नुसत्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या.

“हूं,” मी म्हटलं. रागानं, मोठ्यानं, सरांच्या फोटोला ऐकू जाईल असं.

आणि काकू पुढं सांगायला लागल्या.